बोअर ब्रश वापरताना आणि मुरवताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश हौसेने घेतलेली बरीच माणसं पहिल्या आठवड्यातच तो कपाटात ठेवून देतात. टोचतो, वास येतो, फेस टिकत नाही, या त्यांच्या तीन तक्रारी. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्ही जातात. पण त्यासाठी ब्रश रोज ओला व्हावा लागतो आणि रोज पुरता वाळावाही लागतो. ओला करणं कुणालाही जमतं. वाळवणं मात्र खाडीकाठच्या आपल्या हवेत अवघड जातं आणि इथले बहुतेक ब्रश तिथेच बिघडतात. म्हणून खालच्या उत्तरांत त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

बोअर ब्रश म्हणजे रानडुकराचे केस का?

नाही. व्यापारात ‘बोअर’ म्हणत असले तरी हे केस पाळीव डुकरांचे असतात. पाठीच्या कण्यावरचे केस सर्वांत लांब आणि राठ, म्हणून ब्रशसाठी त्यांना मागणी. जगातला बराचसा माल चीनमधून येतो. त्यातला चोंगछिंग भागातला काळा केस ‘चुंगकिंग’ या जुन्या व्यापारी नावाने अजूनही ओळखला जातो. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रशांचं गाव, पण तिथलं मुख्य काम रंगाच्या ब्रशांचं.

येऊरच्या जंगलातल्या रानडुकरांशी या ब्रशाचा काहीही संबंध नाही. रानडुक्कर हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारा प्राणी आहे. कुणी ‘अस्सल रानडुकराच्या केसांचा’ म्हणून ब्रश दाखवला, तर तो घेऊ नका.

ब्रश मुरतो म्हणजे नेमकं काय होतं?

दोन गोष्टी होतात.

पहिली टोकांची. डुकराचा केस मुळाशी जाड असतो आणि टोकाशी निमुळता होत जातो. ते टोक एकसंध नसतं, त्याला बारीक फाटे असतात. ब्रश वापरात आला की ओलं होणं, साबणात घासलं जाणं आणि पुन्हा वाळणं या फेऱ्यांत हे फाटे वाढत जातात. एका राठ टोकाच्या जागी दोन-तीन मऊ टोकं तयार होतात. हजारो केसांचं असं झालं की गालाला लागणारा भाग मखमली होतो, आणि खालचा दांडा मात्र तसाच ताठ राहतो. वर मऊ आणि आत दम, ही जोडी मुरलेल्या बोअर ब्रशाची खासियत आहे. मला तो इतका आवडण्याचं कारणही तेच.

दुसरी गोष्ट पाण्याची. केस केराटिनचा बनलेला असतो आणि केराटिन आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतं. कोरा केस पाणी सावकाश घेतो. त्यावरचा मेणचट थर आणि कारखान्यातल्या प्रक्रियेचे अवशेष धुऊन गेले की तो लवकर भिजायला लागतो, आणि भिजलेला केस लवचीक होतो.

भिड्याच्या नव्या तव्यावर पहिली घावनं चिकटतात म्हणून कुणी तवा टाकून देत नाही. या ब्रशालाही तेवढी सवलत द्यावी.

मुरायला किती दिवस लागतात?

रोज दाढी करत असाल तर दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो आणि दीड-दोन महिन्यांत ब्रश खऱ्या अर्थाने आपला होतो. आठवड्यातून दोनदाच दाढी करणाऱ्याला हेच व्हायला अर्धं वर्षही लागू शकतं, कारण हिशेब दिवसांचा नसून भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांचा आहे. केस जाड असेल तर वेळ जास्त लागतो.

नवा ब्रश घरी आणला. पहिल्या दिवशी काय करू?

कोमट पाण्यात अंघोळीचा साधा शाम्पू घालून ब्रश हलक्या हाताने धुवा. तळहातावर गोल फिरवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, पुन्हा एकदा तेच करा. मग हाताने दाबून पाणी काढा, टॉवेलवर टोकं पुसा आणि ब्रश हवेशीर जागी ठेवून द्या. त्या दिवशी दाढी करायची घाई नको. दुसऱ्या दिवशी साबणाचा फेस तळहातावर करून बघा, चेहऱ्यावर लावायची गरज नाही. तिसऱ्या दिवसापासून खुशाल वापरायला घ्या.

कंडिशनर लावू नका. तो केसावर थर सोडतो, त्यामुळे फेस मरतो आणि आपण जे काढायला निघालो तेच परत चढवून बसतो.

गोठ्यासारखा वास येतो. ब्रश खराब निघाला का?

वास येणारच, जनावराचा केस आहे. दोन-तीनदा शाम्पूने धुतल्यावर आणि आठ-दहा दाढ्या झाल्यावर तो जातो. ओला असताना जास्त येतो, वाळल्यावर कमी. अत्तर, डेटॉल, फिनेल यांतलं काहीही लावू नका. त्यांचा वास केसात बसतो आणि मूळ वासापेक्षा जास्त दिवस राहतो. सुवासिक साबणाने रोज दाढी करत राहणं हाच उपाय.

महिनाभरानंतरही वास येत असेल, आणि तो जनावराचा नसून कुबट, ओल्या फडक्यासारखा असेल, तर ब्रश नीट वाळत नाहीये. त्यासाठी पावसाळ्याचा प्रश्न वाचा.

चेहऱ्यावर फेस लावता लावता तो गायब होतो. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा ब्रश पुरेसा भिजलेला नसतो. अर्धवट भिजलेला केस फेसातलं पाणी स्वतःत ओढून घेतो. फेस म्हणजे साबणाच्या पातळ पाण्यात अडकलेली हवा. त्यातलं पाणी गेलं की बुडबुडे फुटतात आणि चेहऱ्यावर कोरडी पांढरी साय तेवढी राहते. नवा ब्रश तर हे हमखास करतो.

उपाय सोपा आहे. अंघोळीला जाण्याआधी मगभर कोमट पाण्यात ब्रश उभा करून ठेवा. अंघोळ उरकेपर्यंत तो पुरेसा भिजतो. तीन-चार मिनिटं तरी हवीतच. पाणी फक्त केसांपर्यंत यावं, मूठ बुडू नये. मूठ लाकडी असेल तर हे कसोशीने पाळा, कारण लाकूड फुगतं, आकसतं आणि शेवटी चिरतं.

दुसरं कारण साबण कमी घेण्याचं. ट्यूबमधली क्रीम बदामाएवढी लागते, शेंगदाण्याएवढी पुरत नाही. साबणाची वडी असेल तर ब्रश तिच्यावर निदान अर्धा मिनिट फिरवा. नव्या ब्रशाला जरा जास्तच द्या. मुरला की कमी साबणात भागतं.

फेस करायची नेमकी पद्धत सांगाल का?

भिजलेला ब्रश मगातून काढून एकदा हलका दाबा आणि एक-दोन वेळा झटका. तो ओला हवा, पण निथळता नको. साबणाच्या वडीवर टोकांनी गोल फिरवत राहा. आधी मोठे बुडबुडे येतील, मग दाटसर लगदा तयार होईल. तो लगदा दिसेपर्यंत थांबू नका. कडक वडीवरून साबण उचलण्यात बोअरचा हात धरणारा ब्रश नाही. त्याचा ताठपणा इथेच कामाला येतो.

पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ब्रश थेट चेहऱ्यावर फिरवायचा आणि मधून मधून टोकं पाण्यात बुडवून थेंब-थेंब पाणी वाढवायचं. दुसरी म्हणजे स्टीलच्या वाटीत फेस घोटायचा. मला चेहऱ्यावरची पद्धत पसंत आहे, कारण त्यात खुंट उभे राहतात आणि टोकंही लवकर मऊ होतात. वाटीत घोटताना ब्रश तळाशी रगडला जातो. त्याने केसांच्या मध्यात खड्डा पडतो आणि काही महिन्यांनी मधले केस मुळाशी तुटायला लागतात. चेहऱ्यावरही तोच नियम. दाब टोकांपुरता ठेवा, केस मुळापर्यंत पसरतील इतका देऊ नका.

फेस दह्यासारखा दाट आणि चकचकीत दिसला की झाला. चकाकी नसेल तर पाणी कमी पडलंय, ओघळत असेल तर जास्त झालंय. रेझरचा पहिला हात सुलटा फिरवून झाला की ब्रशात उरलेला फेस दुसऱ्या हाताला पुरतो. मुरलेला बोअर तीन हातांनाही पुरवतो.

पाणी किती गरम घ्यावं?

बोट सहज ठेवता येईल इतकं कोमट, बस. गीझरचं कढत पाणी घेतलं तर केस ठिसूळ होतात आणि झुबका मुठीत बसवणारा चिकट पदार्थ सैल पडू शकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणीच पुरेसं कोमट असतं.

लवकर मुरवायच्या युक्त्या चालतात का?

काही चालतात, काही घात करतात.

दाढी नसलेल्या दिवशीही तळहातावर फेस करून ब्रश धुऊन वाळवणं ही चांगली युक्ती. एक फेरी वाढते, नुकसान शून्य. सुरुवातीला एकदा तासभर साध्या पाण्यात केस भिजवून ठेवण्यालाही हरकत नाही.

फेसाने भरलेला ब्रश न धुता रात्रभर तसाच ठेवावा, असंही सांगितलं जातं. युरोपातल्या कोरड्या घरात ते चालत असेल. ऑगस्टमध्ये कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या बाथरूममध्ये हा प्रयोग करू नका. साबण, ओल आणि बंद खोली एकत्र आली की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

टोकं कात्रीने कापणं हा सर्वांत वाईट उपाय. मऊपणा देणारे फाटे टोकालाच असतात. ते कापले की प्रत्येक केस बोथट खुंट होतो आणि तो ब्रश पुन्हा कधीच मऊ होत नाही. सँडपेपर, धुण्याच्या साबणाची वडी, कपडे धुण्याचा सोडा या गोष्टीही लांब ठेवा.

केस गळतात. ब्रश परत करू का?

पहिल्या दहा-पंधरा दाढ्यांत रोज दोन-चार केस निघणं नेहमीचं आहे. झुबका बांधताना काही केस मुळाशी नीट अडकलेले नसतात, तेच निघतात. पण एका ठिकाणाहून बोटभर केस एकदम हातात आले, किंवा महिन्यानंतरही गळती तेवढीच राहिली, तर बांधणी सदोष आहे. तेव्हा परत करा आणि संकोच करू नका. निघालेला केस नीट पाहा. पूर्ण लांबीचा असेल तर तो मुळातून सुटलाय. अर्धाच असेल तर मधून तुटलाय, म्हणजे दाब जास्त पडतोय किंवा ब्रश पिळला जातोय.

पावसाळ्यात ब्रश वाळतच नाही. काय करावं?

इकडच्या माणसाने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतला दमटपणा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असतो. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. ब्रशाच्या झुबक्यात तर हजारो केस एकमेकांना खेटून बांधलेले असतात आणि वारा शिरायला जागा नसते. वरची टोकं दुपारपर्यंत कोरडी लागतात, पण मुळाशी ओल असतेच. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा पाणी पडतं. असं चार महिने चाललं की मुळाशी बुरशी धरते, केस कुजतात, आणि ब्रश ‘मुरलाच नाही’ असा निष्कर्ष निघतो. बिचाऱ्याला मुरायला उसंतच मिळालेली नसते.

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि झुबका मुळाजवळ बोटांनी उघडून आतला साबण जाईपर्यंत धुवा. अडकलेला साबण ओल धरून ठेवतो. मग मुठीत धरून दाबा. पिळू नका, पिळल्याने केस तुटतात. चार-पाच जोरदार झटके द्या. मग कोरड्या सुती पंच्यावर ब्रश पुढे-मागे फिरवा, पंच्यावर ओला पट्टा उमटायचा थांबेपर्यंत. एवढं केलं की निम्मं पाणी तिथेच गेलेलं असतं.

आणि मग ब्रश बाथरूमबाहेर काढा. माझ्या मते या सगळ्या पानावरची सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. ठाण्यातल्या जुन्या चाळींपासून खारघरच्या नव्या टॉवरांपर्यंत बाथरूमला एक छोटी झरोकेवजा खिडकी असते आणि घरातली सगळी माणसं सकाळी तिथे एकामागून एक अंघोळ करतात. तिथे काहीच वाळत नाही. हॉलमधल्या पंख्याच्या वाऱ्यात, फ्रिजच्या वर, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, कुठेही ठेवा. घरच्यांना दाढीचा ब्रश हॉलमध्ये आवडत नसेल तर स्वयंपाकघराबाहेरच्या सुक्या बाल्कनीत ठेवा, फक्त पावसाचे तुषार येत नाहीत ना ते बघा.

शक्य असेल तर पावसाळ्यापुरते दोन ब्रश ठेवून आलटून-पालटून वापरा. प्रत्येकाला जवळपास दोन दिवस मिळतात आणि मुळाची ओल जाते. दुसरा ब्रश सिंथेटिक असला तरी चालेल. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर थंड हवेवरच.

ब्रश उभा ठेवावा की स्टँडला उलटा टांगावा?

दोन्ही चालतं. पंच्याने नीट पुसलेल्या ब्रशात ओघळण्याइतकं पाणी उरतच नाही. जे उरतं ते हवेत उडून जातं, खाली गळत नाही. वारा कुठे लागतो याचा विचार करा, दिशेचा नको. बंद डबा, प्लास्टिकची टोपी, आरशामागचं कपाट मात्र कुठल्याही ऋतूत नको.

काळे ठिपके दिसायला लागले. आता?

ठिपके थोडे आणि टोकांकडे असतील तर वाटीभर पाण्यात मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून केस दहा मिनिटं बुडवा, शाम्पूने धुवा आणि दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. मुळाशी काळं पडलं असेल किंवा कुबट वास परत येत असेल तर ब्रश टाकून द्या. तो आपण कापलेल्या-खरचटलेल्या कातडीवर फिरवतो, तिथे जीव अडकवून चालणार नाही. ब्लीच वापरू नका. ते बुरशीबरोबर केसाचं केराटिनही खातं.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. फेस होत नाही. दोष ब्रशाचा का?

ब्रशाला बोल लावण्याआधी पाणी तपासा. ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांवरच्या योजनांचं पाणी येतं, वाशी-नेरूळ-बेलापूरकडे मोरबे धरणाचं. हे पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे मऊ. त्यात फेस छान होतो. घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत मात्र टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलेलं असतं. जमिनीतलं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. साबण या क्षारांना भेटला की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. मग फेस कमी होतो आणि तो साका झुबक्याच्या मुळाशी बसत जातो. ब्रश महिन्यागणिक मऊ होण्याऐवजी कडक होत चालला असेल तर कारण बहुधा हेच.

ओळखायचं कसं? नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, किंवा अंघोळीच्या साबणाचा फेस होण्याऐवजी पाण्यावर कण तरंगत असतील, तर पाणी जड आहे. दाढीला पाणी लागतं तरी किती! आरओच्या फिल्टरचं पेलाभर पाणी भिजवायला आणि फेसाला घ्या, धुवायला नळाचं चालेल. महिन्यातून एकदा वर सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी करा, बसलेला थर निघून जातो. काही घरांत टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवायची सवय असते. ते पाणी दाढीला घेऊ नका, कारण तुरटीतलं अॅल्युमिनियमही साबणाचा तसाच साका करतं. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवत असाल तर ब्रश त्याआधीच धुऊन ठेवा.

कोणता ब्रश घ्यावा?

आधी आवडतो का हे बघायचं असेल तर स्टेशन रोडच्या किंवा जांभळी नाक्याच्या बाजारातला शंभर-दोनशेचा ब्रशही पुरतो. त्यात धोका दोन गोष्टींचा. केस फार आखूड असतात आणि झुबका विरळ असतो. आखूड केस मुरले तरी टोचतात. दुकानात ब्रश तळहातावर हलका दाबून बघा. केस सगळीकडे सारखे पसरले पाहिजेत, मधे पोकळी लागता कामा नये.

नाद लागल्यावर पुढची पायरी म्हणजे इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा ही १९३१ सालची कंपनी, किंवा पोर्तुगालची सेमोग. ओमेगाचा १००४९ हा उंच केसांचा ब्रश मुरल्यावर फार मऊ होतो आणि भरपूर फेस धरतो. सेमोगचे ब्रश जरा ताठ आणि आटोपशीर. दाट दाढीवाल्याने सेमोग बघावा, नाजूक कातडीवाल्याने ओमेगा.

ब्रशावर बॅजरसारखे काळे-पांढरे पट्टे आहेत आणि धुताना रंग जातोय.

बॅजर हा काळ्या-पांढऱ्या केसांचा प्राणी, त्याच्या केसांचे ब्रश महाग असतात. बोअरच्या केसांना त्याचं रूप देण्यासाठी पट्टे रंगवतात. दोन-चार धुण्यांत जादा रंग निघून जातो आणि ब्रशाच्या कामात काही फरक पडत नाही. विक्रेत्याने तो बॅजर म्हणून विकला असेल तर मात्र फसवणूक झाली आहे.

आम्ही शाकाहारी आहोत, घरात चालेल का? मुस्लिम मित्राला भेट द्यायचा आहे, योग्य ठरेल का?

हे केस मांसासाठी पाळलेल्या जनावरांचे, कत्तलीनंतर वेगळे केलेले असतात. जैन किंवा काटेकोर शाकाहारी घरात ते खपणार नाही, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मुस्लिम मित्राला डुकराच्या केसांचा ब्रश भेट देऊ नका. बऱ्याच स्वस्त ब्रशांवर फक्त ‘नैसर्गिक केस’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आत बोअर असतो. हे लपवणं मला गैर वाटतं. घेणाऱ्याने विचारावं आणि विकणाऱ्याने स्पष्ट सांगावं. या सगळ्यांसाठी चांगला सिंथेटिक ब्रश हे सरळ उत्तर. घोड्याच्या केसांचेही ब्रश मिळतात. ते बहुतेक शेपटीच्या आणि आयाळीच्या केसांचे असतात.

सिंथेटिक एवढा सोयीचा असेल तर बोअर कशाला?

सोय म्हणाल तर सिंथेटिक पुढे आहे. भिजवायला नको, मुरवायला नको, तासा-दोन तासांत कोरडा. प्रवासाला आणि भर पावसाळ्यात मीही तोच सुचवेन. पण कडक वडीवरून साबण उचलणं, दाढीच्या मुळाशी फेस पोहोचवणं आणि कातडीला मिळणारं ते हलकं घासणं, यांत मुरलेल्या बोअरची बरोबरी मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. बॅजर जास्त मऊ आणि जास्त महाग. त्याचा दम मात्र कमी.

पिंपल्स आहेत, कातडी लगेच लाल होते. वापरू का?

पिंपल्स फुटलेले असताना कोणताच ब्रश नको, हाताने क्रीम लावा. नुसती नाजूक कातडी असेल तर पहिला महिना ब्रश गोल न फिरवता रंग दिल्यासारखा वर-खाली फिरवा. गालावर दाद किंवा नायटा असेल तर तो बरा होईपर्यंत ब्रश बंद, आणि त्या काळात वापरलेला ब्रश पुन्हा वापरू नका.

वडिलांचा जुना ब्रश सापडला. वापरता येईल?

तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा असेल तर बहुधा येईल. आधी मुळाशी बघा. कसर लागलेली असेल तर केस मधूनच कुरतडलेले दिसतील. लोकर खाते तसं ती हे केसही खाते. केस वाकवल्यावर काडीसारखे मोडत असतील तर ब्रश आठवण म्हणून ठेवा. तसं नसेल तर शाम्पू, मग व्हिनेगरचं पाणी, मग पुन्हा शाम्पू, आणि चार दिवस वाळवण.

फार जुन्या, १९३०च्या आधीच्या ब्रशांच्या बाबतीत मी सावध राहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांतून ब्रिटन-अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली होती, आणि १९२०मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. अँथ्रॅक्सचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. जुन्या बाजारातून हौसेने घेतलेला असा ब्रश शोकेसमध्येच ठेवावा. मूठ आवडली असेल तर जुना झुबका काढून नवा बसवून घेता येतो.

ब्रश काही महिने वापरणार नसेन तर?

पुरता वाळवून सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. शेजारी सुका कडुलिंबाचा पाला ठेवा.

सलूनमध्ये एकच ब्रश सगळ्यांना लावतात. ते बरोबर आहे का?

नाही. पातं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावायची पद्धत आता बहुतेक सलूनमध्ये रुळली आहे, ब्रशाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. नायट्याची बुरशी आणि पुळ्यांचे जंतू ओल्या ब्रशातून सहज एकाकडून दुसऱ्याकडे जातात. बारीक कापलं आणि ब्रशाला रक्त लागलं तर धोका आणखी वाढतो, कारण हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. नैसर्गिक केसांचा ब्रश उकळून निर्जंतुक करता येत नाही, तो नासतो. म्हणूनच घरातही बापलेकांनी एक ब्रश वापरू नये.

यात सलूनवाल्या दादांचा दोष काढण्यापेक्षा आपला ब्रश सोबत नेलेला बरा. फडक्यात गुंडाळून न्या, “दादा, ब्रश माझा आहे, याच्यानेच फेस करा,” एवढं सांगा. कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट मुरलेला बोअर हातात आला की जुने कारागीर तो लगेच ओळखतात आणि मन लावून फेस करतात. घरी आल्यावर तो पिशवीतून लगेच काढा आणि पंख्याखाली ठेवा.